धामणखेडचे तीन भोंगे

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी धामणखेडचा भोंगा वाजला. सात वाजून सहा मिनिटांनी तो पुन्हा वाजला. सात वाजून नऊ मिनिटांनी तिसऱ्यांदा वाजला, आणि तिथून पुढे गावात मोबाईल बंद आहेत की सुरू, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

ठरलेले भोंगे दोनच होते. पहिला सातला. त्याने मोबाईल बंद, टीव्ही बंद. पोरं वह्या काढणार आणि मोठी माणसं एकमेकांची तोंडं पाहणार. दुसरा साडेआठला, म्हणजे मोकळीक. आवाज दोन्हींचा एकच, कारण पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या भोंग्याला ग्रामपंचायतीत बटण एकच होतं. "पहिला म्हंजे बंद, पुढचा म्हंजे सुरू, यात चुकाले काय हाय?" असं सरपंच दुर्गाबाई म्हणाली होती. अठ्ठावीस दिवस काही चुकलंही नाही. मंगळवार एकोणतिसावा होता.

भोंगा आणला होता सोजरबाईने. म्हणजे पैसे ग्रामपंचायतीचे, पण डोकं तिचं. तिचा नवरा जगदेव गावात पिठाची चक्की चालवतो आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो, त्यामुळे घरातलं बोलणं आणि भांडणं दोन्ही तिच्याकडे. पोरगा एकच, हरीओम. वय वीस, कारंज्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी हा पोरगा गावाच्या व्हॉलीबॉल संघात जाळीपाशी उभा राहायचा आणि त्याचं हसणं चक्कीच्या आवाजातूनही ऐकू यायचं. मग त्याच्या मोबाईलमध्ये एक बेट आलं. त्या बेटावर विमानातून शंभर माणसं उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी एकच टोळी जिवंत राहते. ती राहिली की पुन्हा विमान.

आधी तास, मग तीन, मग सात. सुटीच्या दिवशी दहा. तांब्याला मोबाईल टेकवून जेवायचा. एकदा त्याने वरणाच्या वाटीऐवजी पाण्याच्या गिलासात भाकर बुडवून तीन घास खाल्ले आणि चौथ्या घासाला म्हणाला, "माय, मीठ कमी हाय." झोपेतही त्याचा उजवा अंगठा हलायचा. सोजरबाईने तो अंगठा एका सकाळी बराच वेळ पाहिला आणि तिला हसू आलं, मग रडू आलं.

तिने उपाय केले. चार्जर पिठाच्या डब्यात लपवला. त्याने मित्राचा आणला. मोबाईलच पदरात बांधून शेतात नेला. तो मुकाट मागून आला, हातात विळा घेऊन. पोरगं सुधारलं या आनंदात तिने पदर सोडून भाकरी काढल्या, आणि पाणी आणायला विहिरीवर गेली तेवढ्यात बेटावर विमान उतरलं. नवस बोलायला पोहरादेवीला नेला, तर दर्शनाच्या रांगेत नेटवर्क इतकं झकास की दीड तास त्याने मान वर केली नाही. वर म्हणाला, "माय, इथं महिन्याले येत जाऊ."

शेवटी वाशीमला एका डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाईंनी पोराला बाहेर बसवून तिला सांगितलं, "लपवू नका, शिव्या देऊ नका. हा आळस नाही, चटक आहे. एकदम तोडली तर तुटत नाही. दिवसाची काही वेळ बांधून घ्या आणि ती त्याने एकट्याने नाही, सगळ्या घराने पाळा. आणि एक सांगा, त्यात त्याला काय मिळतं ते कधी विचारलं का?"

विचारलं नव्हतं. दीड वर्षात 'कधी ठेवशील' हे दिवसाला वीस वेळा विचारलं, पण हे एकदाही नाही. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून तिने विचारलं, जणू बाहेरच्या तुरीला विचारत होती.

"काय भेटते रे तुले त्याच्यात?"

हरीओमने मोबाईल खाली केला. "तिथं मी मेलो तरी लगेच पुन्यांदा उभा होतो, माय. आन तीन पोरं माह्या भरवश्यावर असतात. मी नसलो तं ते मरतात."

"आन घरी?"

"घरी कोन हाय माह्या भरवश्यावर?"

एसटी गावात शिरेपर्यंत तिच्या डोक्यात भोंगा बसला होता. माहेरच्या बाजूच्या एका गावात तसा सुरू झाला होता, हे तिने एका लग्नात ऐकलं होतं.

ग्रामसभेत तिने विषय काढला तेव्हा सगळ्यात आधी पंजाबराव उठले. पंजाबराव अडुसष्ट वर्षांचे, पंधरा वर्षं सरपंच राहिलेले. आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी सातला त्यांची मालिका असते, हे गावाला माहीत आहे. ते सोडून सगळी कारणं त्यांनी सांगितली.

"एका पोरापायी साऱ्या गावाले शिक्षा काहून?"

सोजरबाई उभी राहिली. "एका पोराची गोष्ट नाही, आबा. ज्याच्या घरी पोरगं मान वर करून जेवते, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. पंजाबरावांचा अर्धा झाला होता; पण त्यांचा नातू समोरच खाली मान घालून बसला होता, म्हणून त्यांनी त्याच हाताने मिशी साफ केली.

"बरं, बटनाच्या खोलीची चावी कोनाजवळ राहीन?" ते म्हणाले. "हरीओमजवळ देतं का?"

सभा खदाखदा हसली. सोजरबाई हसली नाही. "हो," ती म्हणाली. "त्याच्याचजवळ द्या. तीस दिवस. एकदा जरी चुकला तं भोंगा खाली उतरवा, मी तोंड उघडनार नाही."

पंजाबरावांनी ते ठरावात लिहून घ्यायला लावलं. लाईटचा भरवसा नाही म्हणून पाच मिनिटं पुढेमागे चालतील, हेही लिहिलं गेलं. तीस दिवसांनंतर चावी कोणाकडे, हे ठरायचं राहिलं.

मग अठ्ठावीस दिवस जे झालं ते सोजरबाईला मोबाईलमधल्या बेटापेक्षा अजब वाटलं. पावणेसातला हरीओम आपणहून उठायचा. केस विंचरायचा! ग्रामपंचायतीत जाऊन घड्याळासमोर उभा राहायचा आणि बटण दाबायचा ते सेकंदाला. चाळीस सेकंद भोंगा, आणि त्यानंतर साडेतीनशे घरांचे टीव्ही एकामागून एक गप्प होत जायचे. तो आवाज ऐकायला तो पायरीवर थांबायचा. घरी येऊन म्हणायचा, "माय, सारं गाव थांबलं होतं माह्या बोटावर." खेळ सात तासांवरून दीड-दोन तासांवर आला. भाकर वरणात बुडू लागली. एकदा तर त्याने बापाला विचारलं, "बाबा, चक्कीचा पट्टा कधी बदलला होता?" आणि जगदेवने त्या दिवशी अकरावं वाक्य बोलून उत्तर दिलं.

पंजाबराव रोज सातला मनगटावरचं घड्याळ धरून ओट्यावर उभे राहायचे. अठ्ठावीस दिवस त्यांच्या हाती काही लागलं नाही.

मंगळवारी सातला सोजरबाई भाकर थापत होती. कान टाकीकडे होते. भोंगा नाही. सात एक. लाईट होती, बल्ब डोक्यावर जळत होता. सात दोन. तिने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच निघाली; आधी चालत, मग कोणी पाहत नाही असं पाहून पळत.

ग्रामपंचायतीचं दार लोटलं तर हरीओम बटणाखालीच भिंतीला टेकून बसला होता. मोबाईल दोन्ही हातांत, डोळे त्याच्यात. कपाळावर घाम.

"हऱ्या! सात वाजून गेले रे, पोट्टेहो!" एकट्याला ती अनेकवचनात शिव्या द्यायची, राग फार असला की.

"माय, दोन मिनिटं. साडेसहाले सुरू केलं होतं, संपतच नाही. संघदीप मरून राह्यला."

"अव माय! काय झालं त्याले?" संघदीप म्हणजे सरपंच दुर्गाबाईचा पोरगा. तासाभरापूर्वी तिने त्याला म्हशीला पाणी पाजताना पाहिलं होतं.

"इथं, माय, इथं. गोळी लागून गुडघ्यावर हाय. दोघं गेले, मी आन तोच राह्यलो. समोरचा एकच हाय, गवतात कुठं तरी. मी हाललो की तो मले मारते आन मंग संघ्याले. पन पाच मिनिटाच्या आत भोंगा नाही वाजवला तं..." त्याने एक डोळा घड्याळाकडे टाकला. "मले दोन्ही लागते, माय!"

तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर ते पाहिलं. हट्ट नव्हता. वाऱ्यात चारही टोकांनी उडणारी ताडपत्री दोनच हातांनी धरलेल्या माणसाच्या तोंडावर असतं, तसं काहीतरी होतं.

"आन इकडं," ती म्हणाली. "काय करा लागते?"

"काहीच नाही! हालायचं नाही. इथं गवत दिसते न? ते हाललं तं हा गोल दाबायचा. नाही हाललं तं श्वास बी नको घेऊ."

पिठाने भरलेल्या हातांत तिने मोबाईल घेतला. हरीओम उडी मारून उठला आणि त्याने बटण दाबलं. सात वाजून चार. भोंगा घुमला, गाव थांबलं, ठराव पाळला गेला.

"दे आता, माय. भोंगा झाला, बंद करा लागते."

"थांब नं."

"माय, नियम हाय."

"दोन मिनिटं थांब नं, हऱ्या! गवत हाललं आता."

हे आपणच बोललो, हे तिला नंतर कळलं. त्या घडीला तिच्यापुढे फक्त गवत होतं. बावीस वर्षं तिने पहाटे हरभऱ्याच्या बांधावर बसून रोही राखल्या होत्या. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. रात्रीतून वावर फस्त करतं. ती दिसायच्या आधी काय दिसतं? शेंडा दिसतो, वाऱ्याच्या उलट हलणारा. मोबाईलमधलं वारं डावीकडून उजवीकडे वाहत होतं. एक शेंडा उजवीकडून डावीकडे गेला होता. सोजरबाईच्या हातात गोफण नव्हती, एवढंच.

तेवढ्यात पायरीवर चप्पल वाजली आणि खाकरणं ऐकू आलं. ते खाकरणं गावात एकाचंच आहे.

हरीओमने दाराकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. भोंगा होऊन दोन मिनिटं झाली होती आणि जिने गावाला भोंगा आणला ती बाई ग्रामपंचायतीच्या फरशीवर उकिडवी बसून, जीभ दातांत धरून, पेटलेल्या मोबाईलवर रोही राखत होती. आता पंजाबराव दारातून आत येणार होते.

त्याने पुन्हा बटण दाबलं. पुढचा भोंगा म्हणजे सुरू. सात वाजून सहा मिनिटांनी धामणखेडमध्ये मोबाईल पाहणं कायदेशीर झालं.

भोंग्याच्या त्या चाळीस सेकंदांत शेंडा पुन्हा हलला आणि सोजरबाईने गोल दाबला. एकदाच. गवतातून एक हिरवा माणूस आडवा झाला. सोनेरी अक्षरं नाचायला लागली, फटाके उडाले, आणि मोबाईलमधून संघदीप किंचाळला.

"हऱ्याऽऽ! जितलो बे! कसा मारला बे तू!"

"मी मारला रे, बाप्पा," सोजरबाई म्हणाली.

भोंगा संपला, मग पलीकडून एकदम बारीक आवाजात, "...मावशी?"

हरीओम हसायला लागला. पोट धरून, भिंतीला टेकून, दीड वर्षापूर्वी हसायचा तसा. तिलाही आवरेना. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हसत होती आणि एक थांबायला गेलं की दुसरं सुरू होत होतं. आणि तिच्या तोंडातून निघालं, "पुन्यांदा कसं चालू होते रे हे?"

"काय चालू राह्यलं इथं?" दारात पंजाबराव. मोबाईल तोवर हरीओमच्या हातात गेला होता. "भोंगा झाला न? मंग हा मोबाईल कायले जळून राह्यला?"

"दोन झाले, आबा," हरीओम म्हणाला. "मोकळीक हाय."

पंजाबरावांनी बोटांवर मोजलं: एक बंद, दोन सुरू. म्हणजे टीव्ही सुरू. म्हणजे मालिका! ज्या माणसाला जिना चढताना दोनदा टेकावं लागतं तो धोतर वर धरून असा पळाला की रस्त्यावरची कोंबडी उडून ओट्यावर गेली.

"हऱ्या, हे काय केलं तू?" सोजरबाई भानावर आली. "साडेआठपर्यंत बंद पायजे गाव!"

त्याने तिसऱ्यांदा दाबलं. सात वाजून नऊ. पंजाबरावांनी त्याच क्षणी रिमोट उचलला होता, असं त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं. पडद्यावर मालिकेतल्या सासूने तोंड उघडलं, आणि भोंग्यात ती काय बोलली ते पंजाबरावांना आजतागायत कळलेलं नाही.

इथवर सावरलं असतं. पण चक्की राहिली होती. पहिला भोंगा झाला तेव्हा जगदेव डबा बदलत होता, म्हणून चक्कीवरच्या माणसांनी तो ऐकला. दुसरा झाला तेव्हा ज्वारी पडत होती, तो दळणात गेला. तिसरा ऐकला. त्यांच्या लेखी भोंगे दोन झाले.

"साडेआठ झाले काय एवढ्यात?" कोणी तरी विचारलं.

"दळन जोरात चाललं की टाईम समजत नाही," जगदेव म्हणाला.

चक्कीकडच्या अकरा घरांनी मोबाईल उघडले. मोबाईलवर सात दहा दिसत होते. पण महिनाभर गावाला एकच सांगितलं जात होतं, की मोबाईलवर विश्वास ठेवू नका, भोंग्यावर ठेवा. कोणाला खरंच कळलं नाही आणि कोणाला कळूनही सोयीचं वाटलं, हे आता वेगळं काढता येत नाही. साडेआठचा भोंगा झाला तेव्हा ही अकरा घरं शहाण्यासारखी बंद झाली आणि बुधवारी संध्याकाळी सातच्या भोंग्यापर्यंत बंद राहिली. बुधवारी सातला गाव गप्प झालं आणि चक्कीकडच्या अकरा घरांत एकदम अकरा टीव्ही सुरू झाले. पंजाबराव त्यातल्या एका घरी पाहुणा म्हणून गेले होते. दुर्गाबाईला गुरुवारी सकाळी कोतवालाकडून दवंडी द्यावी लागली, की धामणखेडमध्ये सध्या मोबाईल सुरू आहेत, सर्वांनी इथून पुढे मोजावं.

बुधवारी सकाळीच दुर्गाबाईने चावी स्वतःकडे घेतली होती. रविवारी नऊला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. इतकी माणसं निवडणुकीलाही येत नाहीत.

पंजाबरावांचे प्रश्न दोन. "पयला भोंगा वेळेत होता, मी पाह्यलं, सात चार. माह्या तोंडून खोटं नाही निघनार. पन दुसरा कायले दाबला?"

हरीओम उभा राहिला. "चुकून हात लागला, आबा."

"चुकला म्हन की."

"हो. चुकलो."

ठराव सरळ होता. हरीओम चुकला तर भोंगा खाली. भोंगा खाली म्हणजे विंचरलेले केस, वरणातली भाकर, पायरीवर थांबून ऐकलेली गावाची शांतता, सगळं खाली. आणि तो चुकला नव्हता.

"दुसरा प्रश्न," पंजाबराव म्हणाले. "तुह्या मोबाईलवर त्या दिवशी ज्वारीचं पीठ होतं. सारं काचेवर. तू कधीपासून भाकरी थापतं?"

सभा हसली. पुढच्या रांगेत संघदीप पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. दुर्गाबाईने आधी आपल्या पोराकडे पाहिलं, मग सोजरबाईकडे, आणि कागदावरची धूळ उगाच झटकली. हरीओमने आईकडे वळून मान हलवली. अगदी थोडी. नको.

ती बोलली तर पोरगा सुटत होता, कदाचित भोंगाही राहत होता. पण मग गावभर एवढंच राहणार होतं, की जिने साऱ्यांचे मोबाईल बंद केले तिला स्वतःला दोन मिनिटं तो खाली ठेवता आला नाही. तिच्याच तोंडून 'थांब नं' निघालं होतं. तेच दोन शब्द, ज्यांच्यासाठी तिने पोराला दीड वर्ष शिव्या दिल्या.

आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. बुधवारपासून भाकर थापताना तिचा अंगठा मध्येच हलतो, हेसुद्धा.

तिने हात वर केला.

"नाव लिहून घेते, सोजर," दुर्गाबाई म्हणाली. "पन आधी हात वर केले त्यायचं आधी."

आधी हात वर केलेले दहा जण होते. पैकी चौघांना भोंगा हवा होता, तिघांना नको होता आणि तिघांना पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल बोलायचं होतं. सोजरबाईचं नाव यादीत अकरावं लागलं. चावी टेबलावर, दुर्गाबाईच्या चष्म्याच्या डबीखाली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सातवा माणूस बोलत होता, आणि तो अजून भोंग्यापर्यंत आला नव्हता.